अमेरिकेत पहिल्यांदा ग्रिल लावताय? लीजपासून राखेपर्यंत, कुठलं सरकारी खातं काय सांगतं त्यासकट

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे आला की अमेरिकेत ग्रिलिंगचा सीझन सुरू होतो आणि तो चालतो थेट लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, मधे चार जुलै आहेच. भारतातून नुकतीच आलेली आपली मंडळी पहिल्याच उन्हाळ्यात हौसेने ग्रिल घेतात, आणि घ्यावंच, चार मित्रांची कुटुंबं जमवून पनीर टिक्का आणि कणसं भाजायची मजा वेगळीच. पण एक गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही. इथे ग्रिलच्या सेफ्टीचं काम एका खात्याकडे नाही, ते वाटलेलं आहे. मांस किती शिजवायचं हे शेती खातं सांगतं, म्हणजे यूएसडीए, आणि त्यातही त्यांची एफएसआयएस नावाची फूड सेफ्टीची शाखा. ग्रिल, सिलिंडर, कोळशाची पिशवी या वस्तू धोक्याच्या नाहीत ना हे कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन बघतं, त्याला सगळे सीपीएससी म्हणतात. आगीबद्दल लोकांना शिकवायचं काम फेमाच्या, म्हणजे आपत्ती निवारणाच्या सरकारी खात्याच्या, अंडर असलेल्या यूएस फायर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं. आणि तुमच्या बाल्कनीत ग्रिल चालेल का हे वॉशिंग्टनमधलं कोणीच ठरवत नाही, ते तुमच्या गावाचं फायर डिपार्टमेंट ठरवतं.

हे एकदा डोक्यात बसलं की कुठला प्रश्न कोणाला विचारायचा ते कळतं, आणि या लोकांनी सगळं फुकट, सोप्या भाषेत लिहून ठेवलंय, फक्त ते आपल्यापर्यंत पोचत नाही. म्हणून खाली क्रमाने लिहितोय, पहिल्या बार्बेक्यूच्या तयारीपासून शेवटी राख टाकेपर्यंत.

आधी लीज, मग फायर कोड, दुकान सगळ्यात शेवटी

बहुतेक लोक उलटं करतात, आधी सेलमध्ये ग्रिल उचलतात आणि मग लीज ऑफिसची नोटीस दाराला लागते. तेव्हा पहिली पायरी म्हणजे लीज काढून त्यात ग्रिल, बार्बेक्यू, ओपन फ्लेम हे शब्द शोधा. बऱ्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये बाल्कनीत ग्रिल ठेवायलासुद्धा बंदी असते, पेटवणं तर सोडाच.

दुसरी पायरी फायर कोड. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत इंटरनॅशनल फायर कोड थोड्याफार फेरफाराने लागू आहे आणि त्यातला मुद्दा साधारण असा की कोळशाचं किंवा कुठलंही उघड्या ज्वाळेचं ग्रिल जळू शकेल अशा बाल्कनीवर आणि जळू शकेल अशा बांधकामापासून १० फुटांच्या आत वापरायचं नाही. यातून एक किंवा दोन कुटुंबांची घरं वगळलेली आहेत, बिल्डिंगला आणि बाल्कनीला स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की आपोआप पाणी फवारणारे नळ, असतील तर सूट आहे, आणि १ पाउंडाची ती छोटी कॅम्पिंगवाली प्रोपेन बाटली लावून चालणाऱ्या लहान ग्रिललाही सूट आहे. आता इथली बरीचशी अपार्टमेंट्स लाकडाच्या सांगाड्यावर उभी असतात, बाहेरून साइडिंग, म्हणजे भिंतीवर लावलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, वरच्या मजल्याची बाल्कनी बरोब्बर तुमच्या डोक्यावर. पुण्या-मुंबईच्या सिमेंटच्या बिल्डिंगमधून आलेल्या माणसाला हे पटकन लक्षात येत नाही, पण आग या भिंतीतून सरळ वर चढते आणि वरच्या घरातलं झोपलेलं पोर तुमच्या टिक्क्यामुळे धोक्यात येतं. हा १० फुटांचा नियम मला अतिशय योग्य वाटतो, आणि कोणी बघत नाही म्हणून तो मोडणाऱ्यांबद्दल मला राग आहे.

शहरागणिक हे आणखी बदलतं. न्यूयॉर्क शहरात अपार्टमेंटच्या बाल्कनीवर किंवा गच्चीवर प्रोपेनला परवानगी नाही, कोळशाचं ग्रिल चालतं पण बिल्डिंगपासून १० फूट लांब आणि हाताशी पाण्याची नळी किंवा ४ गॅलन पाणी ठेवूनच, आणि एक-दोन कुटुंबांच्या घराच्या बॅकयार्डमध्ये २० पाउंडाचे जास्तीत जास्त दोनच सिलिंडर. न्यू जर्सीत, टेक्सासात, बे एरियात तुमच्या गावाचं काय आहे ते गावाच्या वेबसाइटवर फायर प्रिव्हेन्शनच्या पानावर मिळेल, नाही मिळालं तर फायर डिपार्टमेंटच्या नॉन-इमर्जन्सी नंबरला फोन करा, ९११ या इमर्जन्सी नंबरला नाही. लोक छान बोलतात, विचारल्याबद्दल कोणी दंड लावत नाही.

बाल्कनीच आहे आणि ती नियमात बसत नाही, मग काय करायचं? इलेक्ट्रिक ग्रिलला बऱ्याच ठिकाणी परवानगी असते, लीज बघून घ्या. नाहीतर कॉम्प्लेक्सच्या स्विमिंग पूलजवळचं कॉमन ग्रिल, किंवा काउंटीच्या पार्कात जमिनीत रोवलेली लोखंडी ग्रिल्स असतात ती. मी तर नवीन लोकांना पहिला उन्हाळा पार्कातच काढा असं सांगतो.

गॅसचं घेतलंत तर सिलिंडर ओळखा

आपण सगळे घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरवर वाढलेले, त्यामुळे इथला २० पाउंडाचा, म्हणजे ९ किलोचा प्रोपेन सिलिंडर अगदीच किरकोळ वाटतो. गॅसचा स्वभाव मात्र तोच, हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो, म्हणून बेसमेंट, गॅरेज, घराच्या आतलं कपाट, कुठेच ठेवायचा नाही, रिकामा म्हणून सुद्धा नाही. दुकानाबाहेर जाळीच्या कपाटात सिलिंडर कुलूप लावून ठेवलेले दिसतात ना, ते याच कारणाने बाहेर असतात.

सिलिंडरचं वरचं चाक बघा. तीन कोनांचं असेल तर त्यात ओव्हरफिल प्रिव्हेन्शन डिव्हाइस आहे, ८० टक्के भरला की आत गॅस जाणं आपोआप बंद होतं, कारण उन्हात गॅस फुगायला जागा लागते. एप्रिल २००२ पासून हे डिव्हाइस नसलेला या साइजचा सिलिंडर भरून द्यायचा नाही असा नियम आहे. कोणी मूव्हिंग सेलमध्ये जुनाट गोल चाकाचा सिलिंडर गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्याच हिशोबाने जुनं ग्रिलही बघून घ्या. १ ऑक्टोबर १९९५ नंतर बनलेल्या गॅस ग्रिलमध्ये सीपीएससीच्या पाठपुराव्याने तीन गोष्टी आल्या, नळी फुटली तर गॅसचा फ्लो कमी करणारी सोय, जास्त तापलं तर गॅस बंद करणारी सोय, आणि सिलिंडर नीट जोडलेला नसेल तर गॅसच सोडत नाही असा जॉइंट. हाताने फिरवायचं मोठं प्लास्टिकचं नट दिसतं तो हाच जॉइंट, त्याला पाना लावायची गरज नाही.

यातल्या पहिल्या सोयीमुळे नवीन माणूस हमखास गोंधळतो. ग्रिल पेटतं पण तापतच नाही, ज्वाळा मरतुकड्या, आणि मग लोक ग्रिल खराब निघालं म्हणून दुकानात परत न्यायला निघतात. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की बर्नरचे नॉब आधी उघडे ठेवून सिलिंडर झटकन उघडला, आणि त्या सेफ्टीला वाटलं नळी फुटली. सगळे नॉब बंद करा, सिलिंडर बंद करा, जॉइंट सोडवा, मिनिटभर थांबा, परत जोडा, आणि सिलिंडरचं चाक अगदी हळू उघडा, मगच बर्नर.

गाडीतून आणताना सिलिंडर उभा, आडवा नाही, पडणार नाही असा अडकवून, खिडक्या थोड्या खाली, आणि थेट घरी, मधे किराणा करायला थांबायचं नाही, तापलेल्या गाडीत भरलेला सिलिंडर सोडणं फार वाईट. स्पेअर सिलिंडर ग्रिलच्या खाली ठेवायची सवयही घालवा.

सीझनच्या पहिल्या वेळी गळती तपासायची. भांड्याच्या साबणाचं पाणी नळीवर आणि जॉइंटवर लावा, सिलिंडर उघडा, बर्नर बंदच, आणि बुडबुडे येतात का बघा. काडी लावून बघणारे महाभाग अजून आहेत, कृपा करून नको. बुडबुडे आले तर सिलिंडर बंद करून दुरुस्ती होईपर्यंत ग्रिलला हात लावू नका, बंद करूनही वास थांबत नसेल तर लांब जा आणि फायर डिपार्टमेंटला बोलवा. बर्नरच्या नळ्यांमध्ये हिवाळाभर कोळी जाळी करतात, किडे आणि जुनं तेल अडकतं, त्याही एकदा बघून घ्या, हे सीपीएससीच्या लिस्टमध्ये मुद्दाम लिहिलेलं आहे.

जागा

स्वतःचं घर आहे म्हणजे १० फुटांचा कोड तुम्हाला लागू नसेलही, पण सीपीएससी घरमालकांनाही घरापासून १० फुटांचंच अंतर सांगतं आणि ते पाळा. डेकच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याच्या, कठड्याला चिकटवून नाही, छपराच्या पागोळीखाली नाही, झाडाच्या फांद्यांखाली नाही. जमीन सपाट हवी. ग्रिलभोवती ३ फुटांची रिंगण-जागा मुलांसाठी आणि कुत्र्या-मांजरांसाठी बंद, खडूने गोल काढून दिला तर लहान मुलं तो फार इमानदारीने पाळतात. आणि ग्रिलजवळ कायम एक मोठा माणूस, फोनवर मान खाली घातलेला नाही. दुपट्टा, लोंबत्या बाह्या, सैल कुर्ता नको.

पेटवताना

गॅस ग्रिल पेटवण्याआधी झाकण उघडं, कायम. झाकण बंद ठेवून गॅस सोडला आणि ठिणगी दिली की आत साचलेल्या गॅसचा भडका थेट तोंडावर येतो. ज्वाळा मधेच विझली तर सगळं बंद करून कमीत कमी ५ मिनिटं थांबा आणि मगच परत पेटवा.

कोळशाला लायटर फ्लुइड वापरणार असाल तर कोळशासाठीचंच, पेट्रोल नाही, रॉकेल नाही, आणि एकदा ठिणगी पडल्यावर वरून परत ओतायचं नाही, ज्वाळा धारेवरून उलटी बाटलीपर्यंत येते. माझं मत विचाराल तर चिमणी स्टार्टर घ्या, पत्र्याचा डबा असतो, खाली कागद, वर कोळसा, फ्लुइडच लागत नाही आणि खाण्याला तो रॉकेलसारखा वासही येत नाही. कोळशावर राखाडी थर चढला की तयार.

कोळसा घरात कधीच नाही, यावर जरा थांबतो

कोळशाच्या पिशवीवर एक चौकट असते, त्यात घर, गाडी आणि तंबू यांची चित्रं आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा. हे चित्रांचं लेबल सीपीएससीने १९९७ पासून आणलं. त्यामागे कारण आहे. १९९३ च्या जानेवारीत सिएटल भागात मोठ्या वादळाने लाइट गेले, थंडीचे दिवस, लोकांनी ऊब यावी, स्वयंपाक व्हावा म्हणून घरात कोळसा पेटवला आणि विषबाधा होऊन कितीतरी जण हॉस्पिटलमध्ये पोचले, त्यात इंग्रजी न येणारे, बाहेरच्या देशांतून आलेले लोक खूप होते. नुसत्या इंग्रजी वाक्यांनी काम होत नाही हे त्या काळात लक्षात आलं. तरीसुद्धा फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फाच्या वादळात वीज गेली तेव्हा परत तेच, घरात ग्रिल, गॅरेजमध्ये जनरेटर आणि गाडी चालू, आणि परत माणसं दगावली.

आपल्या लोकांना हा धोका जास्त आहे असं मला मनापासून वाटतं, कारण शेगडी ही आपल्या ओळखीची वस्तू. गावाकडे थंडीत शेगडीभोवती बसलेलो असतो, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी बघितलेली असते. पण त्या घराला कौलांतून, दाराच्या फटींतून हवा होती. इथलं घर थंडी आत येऊ नये म्हणून हवाबंद बांधलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, माणसाला वाटतं प्रवासाचा थकवा असेल, झोपतो आणि उठत नाही. खिडकी उघडली, गॅरेजचा दरवाजा अर्धा वर केला, पंखा लावला, यातल्या कशानेही ते सेफ होत नाही. पावसामुळे ग्रिल गॅरेजमध्ये ओढून घेणं हाही तोच प्रकार, आणि गॅस ग्रिललाही हेच लागू. विझत आलेले निखारे रात्री तंबूत ऊब म्हणून ठेवणं तर अजिबात नको. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा त्यांना हे पहिल्या आठवड्यातच नीट समजावून सांगा, लाइट गेले तर काय करायचं त्यासकट, आणि घरात प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइड अलार्म चालू आहे ना ते बटण दाबून बघा.

मांस झालं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही

आता यूएसडीएचा भाग. १९९३ सालीच पश्चिमेकडच्या राज्यांत एका हॅम्बर्गर चेनमधले नीट न शिजलेले बर्गर खाऊन ७०० हून जास्त लोक आजारी पडले, चार मुलं गेली, जंतू होता ई. कोलाय ओ१५७:एच७. त्यानंतर एफएसआयएसने खिम्यात हा जंतू सापडला तर ते मांस विकायचंच नाही असं ठरवलं, कच्च्या मांसाच्या पॅकेटवर हाताळणीच्या सूचनांचं लेबल सक्तीचं झालं, ते तुम्ही रोज बघता आणि फेकून देता. त्यांच्या रिसर्चमधून आणखी एक कळलं की चारातला एक बर्गर सेफ टेम्परेचरला पोचायच्या आधीच आतून ब्राउन दिसायला लागतो. म्हणजे रंगावर भरवसा ठेवला तर चौथ्या वेळी फसणार. म्हणून २००० साली त्यांनी थर्मी नावाचा एक हसरा थर्मामीटर कार्टून म्हणून आणला आणि शाळा-दुकानांतून थर्मामीटर वापरा म्हणून प्रचार सुरू केला.

आपल्या जेवणात तर रंगाचा उपयोग त्याहून कमी. तंदुरी चिकनला काश्मिरी मिरची, हळद, दही, वर कोळशाचे काळे डाग, आतलं कच्चं आहे का शिजलंय हे या रंगात कोण ओळखणार? सुरी घालून रस पांढरा येतो का बघणं हेही खात्रीचं नाही. १५-२० डॉलरचा बारीक टोकाचा डिजिटल थर्मामीटर घ्या, ग्रिलइतकाच तोही गरजेचा आहे.

आकडे हे असे, फ्रिजला चिकटवून टाका. चिकन, टर्की, कुठलाही पक्षी, तुकडे असोत का खिमा, १६५ डिग्री फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस. बीफ, पोर्क, लॅम्ब, बोकडाचं मटण यांचा खिमा, म्हणजे आपले सीख कबाब आणि बर्गर, १६० डिग्री, ७१ सेल्सिअस. याच मांसाचे अखंड तुकडे, चॉप्स, स्टेक, १४५ डिग्री म्हणजे ६३ सेल्सिअस आणि वर ३ मिनिटं तसंच ठेवून द्यायचं, त्या ३ मिनिटांतही जंतू मरत असतात. पोर्कसाठी आधी १६० होतं, २०११ साली ते १४५ आणि ३ मिनिटं असं केलं. मासे १४५. खिम्याला जास्त का, तर अखंड तुकड्यावर जंतू बाहेरून असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात. आता मटण १४५ ला सेफ झालं म्हणजे ते आपल्याला हवं तसं मऊ झालं असं नाही, बोकडाचं मांस तेवढ्यावर चिवट लागेल, हवं तेवढं पुढे शिजवा, आकडा हा कमीत कमीचा आहे.

थर्मामीटर जाड भागात खुपसायचा, हाडाला लावायचा नाही, कारण हाड आधी तापलेलं असतं आणि आकडा खोटा येतो. लेग पीसला मांडीच्या जाड भागात, बर्गर आणि चपट्या कबाबला कडेने आडवा. थर्मामीटर बरोबर आहे का ते बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, ३२ फॅरनहाइट यायला हवं. प्रत्येक तुकडा बघा, कडेचे आणि मधले सारखे शिजत नाहीत.

मॅरिनेशन फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही. चिकन दोन दिवसांपर्यंत राहतं. ज्या दह्या-मसाल्यात कच्चं चिकन होतं ते नंतर वरून ब्रशने लावायचं नाही, हे आपल्याकडे सर्रास होतं, वरून लावायचं असेल तर थोडं आधीच बाजूला काढून ठेवा किंवा उरलेलं उकळून घ्या. कच्चं चिकन धुवायचं नाही, हे ऐकून घरातली मोठी माणसं नाराज होतात, पण एफएसआयएस याबाबत ठाम आहे, धुण्याने जंतू जात नाहीत, सिंकमध्ये, नळावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. मॅरिनेट करायला घेण्याआधी पेपर टॉवेलने टिपून घ्या. पार्टीच्या आदल्या दिवशी चिकन अर्धवट शिजवून ठेवून दुसऱ्या दिवशी ग्रिल करणं पण नको, आधी वाफवायचं असेल तर वाफवून लगेच ग्रिलवर.

ताटं आणि चिमटे दोन-दोन. कच्चं ज्या थाळीतून आणलं त्यातच शिजलेलं परत काढलं की सगळी मेहनत वाया. शाकाहारी मंडळी असतील तर त्यांचं आधी भाजून घ्या किंवा वेगळी जाळी ठेवा, त्यांच्या भावनेसाठी तर आहेच पण कच्च्या चिकनचा रस पनीरवर आणि कणसावर न पडणं हे तब्येतीच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

पार्कात, पिकनिकला

४० ते १४० डिग्री, म्हणजे ४ ते ६० सेल्सिअस, याला यूएसडीए डेंजर झोन म्हणतं, या टेम्परेचरला जंतू २० मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. म्हणून नाशवंत खाणं बाहेर २ तासांच्या वर नाही, आणि बाहेर ९० डिग्रीच्या वर ऊन असेल तर १ तासच. जुलैत मंडळाची पिकनिक असते तेव्हा ९० सहज ओलांडलेलं असतं आणि टेबलावर दहीभात, कोशिंबीर, चिरलेलं कलिंगड सकाळी ११ ला लागतं ते ३ पर्यंत तिथेच. शाकाहारी आहे म्हणून सुटलो असं नाही, भात आणि चिरलेली फळंही यात येतात. थोडं थोडं बाहेर काढा, बाकीचं कूलरमध्ये, म्हणजे बर्फ भरलेल्या झाकणाच्या पेटीत.

कूलर दोन न्या, एक थंड पेयांचा जो सारखा उघडला जातो, दुसरा खाण्याचा. कच्चं मांस नीट गुंडाळून तळाला, म्हणजे त्याचा रस कशावर ठिबकणार नाही. कूलर डिकीत नाही, गाडीत एसीच्या जागेत. हात धुवायला पाणी आणि साबण घरून न्या, सगळ्या पार्कात नळ नसतो. पब्लिक पार्कात मोठा जमाव बोलावणार असाल तर शेल्टरचं, म्हणजे छप्पर असलेल्या पिकनिकच्या जागेचं, बुकिंग लागतं, आणि अन्न सगळ्यांना वाटणार असाल तर पार्क डिपार्टमेंटला आणि काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटला परमिटबद्दल आधी विचारून घ्या.

कॅलिफोर्निया, कोलोरॅडो अशा कोरड्या राज्यांत नॅशनल फॉरेस्टमध्ये जाणार असाल तर निघायच्या दिवशी फायर रिस्ट्रिक्शन्स बघा. उन्हाळ्यात कोळशाला बऱ्याचदा ठरवून दिलेल्या जागांपलीकडे बंदी येते, कडक असेल तर तिथेही. पार्कात टोपी घातलेल्या अस्वलाचं पोस्टर दिसेल, तो स्मोकी बेअर, वणव्याबद्दलचा सरकारी प्रचार तो १९४४ पासून करतोय.

भडका उडाला, भाजलं

चरबी ठिबकून ज्वाळा मोठ्या झाल्या तर पाणी ओतू नका, तेलाच्या आगीवर पाणी पडलं की ती उडते. बर्नर बंद करा, झाकण लावा, हवा बंद होऊ द्या. हाताशी बेकिंग सोडा आणि एबीसी टाइपचा एक्स्टिंग्विशर ठेवा. सिलिंडरच्या बाजूने आग दिसली तर हिरोगिरी नको, सगळ्यांना लांब घेऊन ९११.

हात भाजला तर नळाच्या साध्या गार पाण्याखाली निदान १० मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप-हळद नाही. स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाका. फोड मोठा असेल, चेहऱ्यावर असेल, किंवा लहान मूल असेल तर डॉक्टर, लगेच.

विझवणं, जाळी घासणं, राख

गॅस असेल तर आधी सिलिंडरचं चाक बंद, नळीतला उरलेला गॅस जळू द्या, मग बर्नर. कोळसा दिसायला विझलेला असतो आणि आतून कितीतरी तास गरम राहतो, तो लगेच प्लास्टिकच्या कचराकुंडीत किंवा डेकवर ठेवलेल्या पिशवीत टाकला की रात्री आग लागते. पूर्ण गार होऊ द्या, पाणी ओतून ढवळा, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, डबा घरापासून लांब. बऱ्याच पार्कात गरम कोळशासाठी वेगळा डबा असतो, झाडाच्या बुंध्यात ओतू नका, अनवाणी खेळणारी मुलं असतात.

तारेच्या ब्रशबद्दल मात्र सांगायलाच हवं. जुलै २०१२ मध्ये सीडीसीने, म्हणजे रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, एक रिपोर्ट छापला, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या एका हॉस्पिटलमध्ये ग्रिल घासायच्या ब्रशची तार जेवणातून पोटात गेलेले सहा पेशंट आले होते, कोणाच्या घशात रुतलेली, कोणाच्या आतड्याला भोक पडलेलं. तार इतकी बारीक असते की घासात कळतही नाही. मी तारेचा ब्रश ठेवूच नका म्हणेन, जाळी गरम असताना अर्धा कांदा लांब काट्याला टोचून त्याने घासा, किंवा फॉइलचा बोळा चिमट्यात धरून. ब्रशच वापरणार असाल तर नंतर ओल्या कापडाने पुसा आणि जाळी डोळ्यांनी नीट बघा.

उरलेलं खाणं त्या २ किंवा १ तासाच्या हिशोबातच फ्रिजमध्ये, उथळ डब्यांतून, म्हणजे लवकर गार होतं. परत गरम करताना १६५.

कोणाला विचारायचं

अन्नाबद्दल शंका आली, चिकन बाहेर राहिलं, फ्रिज बंद पडला, तर यूएसडीएची मीट अँड पोल्ट्री हॉटलाइन आहे, १९८५ पासून चालू, नंबर १-८८८-६७४-६८५४, सोमवार ते शुक्रवार, ईस्टर्न टाइमप्रमाणे सकाळी १० ते संध्याकाळी ६. तिथे अन्न-सुरक्षेची शिकलेली माणसं बसलेली असतात, इंग्रजी अडखळत बोललात तरी शांतपणे ऐकून घेतात. कुठला पदार्थ किती दिवस टिकतो यासाठी त्यांचं फूडकीपर नावाचं फुकट अ‍ॅप आहे. ग्रिल सेकंडहँड घेताय तर मॉडेल नंबर सीपीएससीच्या रिकॉल लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यामुळे परत मागवलेल्या वस्तूंच्या यादीत, टाकून बघा, आणि तुमच्या ग्रिलनेच काही धोका केला तर सीपीएससीच्या सेफरप्रॉडक्ट्स साइटवर तक्रार नोंदवा, ती साइट २०११ पासून लोकांसाठी खुली आहे आणि तिथल्या नोंदी पुढच्या गिऱ्हाइकांना वाचता येतात. बाल्कनीचा प्रश्न मात्र गावाच्या फायर डिपार्टमेंटलाच, आणि उत्तर शक्यतो ईमेलवर मागा, उद्या लीज ऑफिसने काही म्हटलं तर दाखवायला हातात लेखी असेल.